हॅमस्ट्रिंगची सहावी दुखापत : व्यावसायिक फुटबॉल संघात हे आधीच कसं रोखायचं?

मधली फळी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचक होतो. आज धागा काढतोय, कारण गेल्या शनिवारपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये.

मी एका व्यावसायिक संघात सहायक फिटनेस प्रशिक्षक आहे. माझं हे दुसरंच वर्ष. संघात २६ खेळाडू. हंगाम अजून अर्धाही झालेला नाही आणि शनिवारी आमची हॅमस्ट्रिंगची, म्हणजे मांडीमागच्या स्नायूची, सहावी दुखापत झाली. ७१ वं मिनिट. आमचा उजवा विंगर बचावासाठी भरधाव मागे पळत होता. मध्येच त्याने पाऊल आखडतं घेतलं, हात मांडीमागे गेला, दोन पावलं लंगडला आणि खाली बसला. कुणाचा धक्का नाही, टॅकल नाही, पाय घसरला नाही.

मला छळतंय ते वेगळंच. गुरुवारी सराव संपल्यावर बुटाची नाडी सोडता सोडता तो मला म्हणाला होता, "मागे जरा ओढल्यासारखं वाटतंय, पण ठीक आहे." मी ते वहीत लिहिलं आणि ते वहीतच राहिलं. मुख्य प्रशिक्षकांनी शनिवारचे अकरा तोवर ठरवले होते. त्याच्या वाक्यातला "ठीक आहे" एवढाच भाग मी धरून ठेवला.

युएफाचा, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेचा, मोठ्या क्लबांमधल्या दुखापतींचा अभ्यास २००१ पासून चालू आहे, स्वीडनचे डॉ. यान एकस्ट्रँड यांच्या पुढाकाराने. त्यातला ढोबळ हिशेब असा की २५ जणांच्या संघाला एका हंगामात साधारण ५० दुखापती होतात, म्हणजे माणशी दोन. त्यात हॅमस्ट्रिंगच्या पाच-सहा. आम्ही तो आकडा अर्ध्या हंगामाच्या आतच गाठलाय. सहापैकी दोन तर एकाच खेळाडूच्या, एकाच पायाच्या.

मला पुस्तकी यादी नकोय. दर तीन-चार दिवसांनी सामना असताना तुम्ही प्रत्यक्षात काय करता? व्यायाम कोणत्या दिवशी बसवता? आणि "जरा ओढल्यासारखं" ऐकलं की पुढे काय करता?

---

कॉर्नरफ्लॅग

मी प्रेक्षकच आहे, पण वीस वर्षं डोळसपणे बघतोय म्हणून लिहितो. व्यायामाचं बोलण्याआधी वेळापत्रकाचं बोला. शरीराला उसंतच नसेल तर वॉर्मअप करून काय होणार?

सप्टेंबर २०२४ मध्ये मँचेस्टर सिटीचा रॉड्री पत्रकारांना म्हणाला की सामन्यांची संख्या अशीच वाढत राहिली तर खेळाडू संपावर जायच्या बेतात आहेत. त्यानंतर आठवडाभरात, २२ सप्टेंबरला, आर्सेनलविरुद्ध त्याच्या गुडघ्याचं लिगामेंट, म्हणजे हाडं जोडून ठेवणारा पट्टा, फाटलं. एकाचा दुसऱ्याशी थेट संबंध जोडणं चूक ठरेल, कबूल आहे. पण पेद्रीचा २०२०-२१ चा हंगाम आठवा. अठरा वर्षांचा मुलगा, बार्सिलोना, स्पेन, युरो आणि वर ऑलिंपिक धरून ७० हून जास्त सामने खेळला. पुढच्या हंगामात मांडीच्या दुखापतींनी तो महिनोन् महिने बाहेर होता.

मूळ दुखणं तिथे आहे. तुमच्या वहीत नाही.

---

बर्फाची पिशवी

मधली फळी, आधी एक सांगते. गुरुवारचं ते वाक्य तुम्ही लिहून ठेवलंत हे चांगलंच केलंत. बऱ्याच संघांत ते कुणी विचारतही नाही.

मी फिजिओ आहे, चौदा वर्षं फुटबॉलमध्येच. कॉर्नरफ्लॅग यांचा मुद्दा खराच आहे. द्युपाँ आणि सहकाऱ्यांचा २०१० चा अभ्यास आहे, एका अव्वल क्लबवर केलेला. आठवड्याला एक सामना असताना दर १००० तासांमागे ४.१ दुखापती, दोन सामने असताना २५.६. म्हणजे सहापट! आणि त्यातली मला सगळ्यात घाबरवणारी गोष्ट अशी की खेळाडूंचं धावण्याचं अंतर कमी झालंच नव्हतं. कोच बाहेरून बघतो तेव्हा त्याला पोरगा तेवढाच पळताना दिसतो.

पण वेळापत्रक तुमच्या-माझ्या हातात नाही. हातात काय आहे त्याबद्दल लिहिते.

नॉर्डिक, म्हणजे हॅमस्ट्रिंगचा व्यायाम. सगळ्यांनी ऐकलेलं असतं, नीट करणारे फार थोडे. गुडघे जाड मॅटवर, मागे जोडीदार दोन्ही घोटे घट्ट दाबून बसलेला. डोक्यापासून गुडघ्यापर्यंत अंग एका रेषेत ठेवून पुढे झुकायचं, सावकाश, जेवढं रोखून धरता येईल तेवढं. एका क्षणी मांडीमागचा स्नायू हार मानतो, तेव्हा हातांवर पडायचं आणि हातांनीच ढकलून वर यायचं. बस. आता खेळाडू फसवतात कुठे ते बघा. कमरेत वाकतात. पार्श्वभाग मागे राहिला की भार हॅमस्ट्रिंगवर येतच नाही, नुसता नमस्कार घातल्यासारखं होतं. मी बाजूला उकिडवी बसून कंबर बघते, चेहरा नाही. चेहरा सगळ्यांचाच कष्टी दिसतो.

डेन्मार्कमध्ये २०११ साली ५० संघांतल्या ९४२ खेळाडूंवर याची चाचणी झाली. दहा आठवडे हळूहळू वाढवत नेलेला हा व्यायाम करणाऱ्या गटात हॅमस्ट्रिंगच्या दुखापती दुसऱ्या गटाच्या सुमारे ३० टक्केच झाल्या. एवढा स्वस्त उपाय आमच्या क्षेत्रात दुसरा नाही, त्याला लागते ती एक मॅट आणि एक जोडीदार. आणि तरी २०१५ च्या पाहणीत चॅम्पियन्स लीग आणि नॉर्वेच्या लीगमधल्या ५० संघांचा हिशेब मांडला, तर हंगामांपैकी ८३ टक्क्यांत हा कार्यक्रम पाळलाच गेला नव्हता. युएफाच्या अभ्यासात एकूण दुखापतींमधला हॅमस्ट्रिंगचा वाटा २००१-०२ मध्ये १२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये २४ टक्के झाला. खेळाचा वेग वाढला हे कारण आहेच. पण माहीत असलेलं न करणं हेही आहे.

दिवसाचं विचारलंत ना. नॉर्डिकनंतर एक-दोन दिवस पाय भरून येतात, म्हणून सामन्याच्या आदल्या दोन दिवसांत अजिबात नको. आठवड्याला एकच सामना असेल तर सामन्याच्या चार किंवा तीन दिवस आधी, सरावाच्या शेवटी. दोन सामने असतील तर मी सामना संपल्यावर लगेच किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी घेते, आणि फार थोडी आवर्तनं. चार-चारच्या दोन फेऱ्या. एकदा कमावलेली ताकद एवढ्यावर टिकते. पण "या आठवड्यात जमणार नाही" असं तीन आठवडे झालं की ती ओसरते. बंद कधी करायचं नाही, कमी करायचं.

---

लेफ्टबॅक

बर्फाची पिशवी ताईंचा प्रतिसाद वाचनखुणेत ठेवलाय. आता खेळाडूच्या बाजूने लिहितो, कारण ती बाजू इथे कुणी मांडली नाही.

अकरा हंगाम व्यावसायिक खेळलो. तुमच्या विंगरने नाडी सोडताना ते वाक्य का म्हटलं, टेबलावर झोपून का नाही म्हटलं, ठाऊक आहे? टेबलावर सांगितलं की ते अधिकृत होतं. नाडी सोडताना सांगितलं तर तो नुसता बोलला असं होतं. आम्ही सगळे असंच सांगायचो. चालता चालता, दाराशी, बसमध्ये चढताना.

माझ्या शेवटून दुसऱ्या हंगामात करार संपायला चार महिने होते. जांघेत दुखत होतं, उजव्या बाजूला. सकाळी गाडीतून उतरताना पाय उचलून बाहेर ठेवायला लागायचा, हाताने. कुणाला सांगितलं नाही. सामन्याआधी गोळी, मध्यंतरात दुसरी. माझ्या जागेवर एकोणीस वर्षांचा मुलगा तयार होता आणि तो चांगला होता. मी एक सामना सोडला असता तर ती जागा परत मिळाली नसती, असं मला तेव्हा पक्कं वाटायचं. सहा आठवडे तसा खेळलो. मग पाच महिने बाहेर. करार गेला तो गेलाच.

हे माझ्या एकट्याचं नाही. २०१० च्या विश्वचषकात संघांच्या डॉक्टरांनी फिफाला औषधांच्या ज्या नोंदी दिल्या, त्यांत ३९ टक्के खेळाडू प्रत्येक सामन्याआधी वेदनाशामक घेत होते असं निघालं. एवढ्या लोकांच्या अंगाने सूचना दिलीच असणार आणि ती दाबली गेली.

तेव्हा नॉर्डिक करा, जरूर करा. पण ज्या संघात दुखतंय म्हणणाऱ्याची जागा जाते, तिथे तुम्हाला दुखणं कधीच वेळेवर कळणार नाही.

---

मधली फळी

लेफ्टबॅक दादा, "टेबलावर सांगितलं की ते अधिकृत होतं" हे वाचून थांबलो. अगदी तसंच झालं आमच्याकडे.

ताई, एक विचारायचं होतं. जांघेचं दुखणं असं लपवलं जात असेल तर ते पकडायचं कसं? आमच्याकडे दोन मधले खेळाडू आहेत, लांब पास मारताना आताशा पाय पूर्ण फिरवत नाहीत असं मला वाटतंय.

---

बर्फाची पिशवी

तुमच्या डोळ्याने टिपलंय म्हणजे बहुतेक आहेच काहीतरी. पाच सेकंदांची एक चाचणी आहे. खेळाडूला पाठीवर सरळ झोपवा, पाय लांब. तुमचा हात कोपरापासून पुढचा भाग त्याच्या दोन घोट्यांच्या मध्ये आडवा धरा. "पूर्ण ताकदीने दाब, पाच सेकंद." मग विचारा, जांघेत किती दुखलं, शून्य ते दहा? दोनपर्यंत हिरवा, तीन ते पाच पिवळा, सहा किंवा त्याहून वर लाल. सव्वीस खेळाडूंचं पंधरा मिनिटांत उरकतं. मी सामन्यानंतरच्या दुसऱ्या सकाळी घेते.

एका दिवसाचा आकडा फारसं काही सांगत नाही, त्यातला बदल सांगतो. नेहमी शून्य म्हणणारा तीन म्हणाला की मी त्या दिवशी त्याचे लांब पास आणि शूटिंग कमी करायला सांगते. सराव बंद करत नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण सराव बंद झाला की पुढच्या वेळी तो पुन्हा शून्यच म्हणणार.

जोडीला कोपनहेगन, म्हणजे जांघेचा व्यायाम. कुशीवर, वरचा पाय जोडीदाराने गुडघा-घोट्याशी धरलेला किंवा बाकावर ठेवलेला, आणि खालचा पाय वर नेऊन त्याला भिडवायचा. नॉर्वेत अर्धव्यावसायिक ३५ संघांवर याची चाचणी झाली, २०१९ मध्ये निष्कर्ष आले. एकच व्यायाम, आणि जांघेच्या तक्रारींचा धोका ४१ टक्क्यांनी कमी.

---

तळटीप

मी एका क्लबात आकडेवारीचं काम पाहतो. पाठीवरचं जीपीएस, हृदयाचे ठोके, सगळं माझ्याकडे येतं. म्हणून आवर्जून सांगतो, या यंत्रांकडून भविष्य वर्तवण्याची अपेक्षा ठेवू नका.

काही वर्षांपूर्वी सगळीकडे एका गुणोत्तराची चलती होती. या आठवड्याचा भार भागिले गेल्या चार आठवड्यांचा सरासरी भार. ०.८ ते १.३ मध्ये असलं की सुरक्षित, १.५ च्या वर गेलं की धोका. आमच्याकडे भिंतीवर रंगीत तक्ता होता. नंतर संशोधकांनीच त्या गणितातल्या त्रुटी दाखवल्या आणि आम्हालाही तेच दिसलं होतं. लाल रंगातले खेळाडू आरामात खेळत होते, हिरव्यातले पडत होते. त्यातलं सार मात्र खोटं नाही. भार एकदम वाढवू नका. तीन आठवडे बाहेर असलेला खेळाडू परत आल्या आल्या पूर्ण सराव, वर सामना, हे नको.

जीपीएसचा मला पटलेला खरा उपयोग एकच आहे. कोण आठवडाभर जोरात पळालेलाच नाही ते कळतं. विचित्र वाटेल, पण हॅमस्ट्रिंगसाठी न पळणंही घातक आहे. लहान जागेत पाच-विरुद्ध-पाच खेळवत राहिलं की दम लागतो, घाम येतो, पण कुणालाच पूर्ण वेग गाठायला जागा मिळत नाही. मग थेट सामन्यात तो चाळीस मीटर सुसाट पळतो. म्हणून आठवड्यातून एकदा प्रत्येकाने आपल्या सर्वोच्च वेगाच्या ९०-९५ टक्क्यांपर्यंत दोन-चार वेळा जावं, ताजे पाय असताना. राखीव खेळाडूंसाठी तर सक्तीने. बाकावर बसलेला मुलगा तीन आठवडे स्प्रिंटशिवाय असतो आणि ८० व्या मिनिटाला "जा, पळ" म्हणून पाठवतात.

आणि सगळ्यात उपयोगी मोजमाप फुकट आहे. सरावानंतर अर्ध्या तासाने विचारा, किती जड गेलं, शून्य ते दहा? त्याला मिनिटांनी गुणा. ९० मिनिटं गुणिले ७ म्हणजे ६३०. ज्या सरावाला बाकी सगळे ४ म्हणतात त्याला एखादा ८ म्हणाला, तर त्याच्याशी बोला. झोप झाली नसेल, घरी आजारपण असेल, ताप येऊ घातला असेल, काहीही.

---

चिखलपाय

मी प्रशिक्षक आहे, खालच्या विभागात, पण पगारी संघ. माझी बाजूही ऐका.

तुम्ही सगळे म्हणता तसं प्रत्येक "जरा ओढल्यासारखं" मनावर घेतलं, तर माझ्याकडे शनिवारी अकरा जण उभे राहणार नाहीत. हंगामाच्या मध्यावर पूर्णपणे न दुखणारा व्यावसायिक खेळाडू नसतोच. फिजिओ सांगतो "धोका आहे", फिटनेसवाला सांगतो "पिवळा आहे", डॉक्टर सांगतात "बघा तुम्हीच". तिघेही सांगून मोकळे होतात आणि तीन सामने हरलो की घरी मी जातो. मला धोका आहे का ते सांगू नका, तो असतोच. किती मिनिटं खेळवू ते सांगा.

---

लेफ्टबॅक

चिखलपाय सर, तुमची अडचण खरी आहे. पण माझ्या जागी तो एकोणीस वर्षांचा मुलगा एक सामना खेळला असता आणि तुम्ही मला म्हणाला असता, "पुढच्या शनिवारी तूच", तर मी त्या दिवशीच सांगितलं असतं. एवढंच हवं असतं हो.

---

बर्फाची पिशवी

चिखलपाय सर, "किती मिनिटं खेळवू ते सांगा" हा प्रश्न मला एका प्रशिक्षकाने पहिल्यांदा विचारला तेव्हा मी हंगामभर त्यांच्यासोबत सुखाने काम केलं. बाकीच्यांनी "हो की नाही" एवढंच विचारलं. नाही म्हटलं की मी शत्रू, हो म्हटलं आणि तो पडला की मी बेजबाबदार.

उत्तर मिनिटांतच द्यायचं असतं. "साठ मिनिटं, आणि विंगवर नको, आत खेळवा." पाच बदली खेळाडूंची मुभा २०२० मध्ये तात्पुरती आली, २०२२ पासून ती नियमात कायम झाली. ती डावपेचांसाठी वापरली जाते तशी पायांसाठीही वापरता येते. पण बदली कोण, कधी, हे सामन्याआधी बोलून ठेवायला हवं. ६५ व्या मिनिटाला एका गोलने मागे असताना ते संभाषण होत नाही.

आणि हे माझं मत म्हणून सोडून देऊ नका. एकस्ट्रँड यांच्या गटाने युरोपातल्या ३६ अव्वल क्लबांत पाहिलं की मुख्य प्रशिक्षक आणि वैद्यकीय चमू यांच्यातला संवाद जिथे कमकुवत, तिथे दुखापतींचा भार जास्त आणि सामन्यासाठी उपलब्ध खेळाडू कमी. त्याच मोठ्या अभ्यासात अकरा हंगामांच्या नोंदींतून हेही दिसलं की दुखापती कमी तर लीगमधलं स्थान वर. सर, म्हणजे यात तुमचाही फायदा आहे. घरी जायची वेळ उलट लांबते.

---

नऊ नंबर

महिला फुटबॉलमधून लिहितेय. वर सगळी चर्चा हॅमस्ट्रिंगची चाललीये, आमच्याकडे भीती गुडघ्याची. गुडघ्यातल्या पुढच्या क्रूसिएट लिगामेंटची दुखापत आमच्यात पुरुषांपेक्षा दोन ते तीनपट होते. २०२२-२३ च्या एकाच हंगामात आर्सेनलच्या महिला संघातल्या चौघींना ती झाली. बेथ मीड, व्हिव्हियान मिडेमा, लिया विल्यमसन यांचा विश्वचषक त्यात गेला. माझाही गेलाय गुडघा, डावा. दबाव टाकायला गेले, समोरचीने आत वळवलं, मी पाय रोवून फिरले. पाऊल जमिनीत तसंच आणि गुडघा आत. आवाज मला ऐकू आला. पुन्हा सांगते, कुणी हात लावला नव्हता.

आधी कुणी शिकवलं असतं तर बरं झालं असतं अशी गोष्ट म्हणजे पडायचं कसं, थांबायचं कसं, वळायचं कसं. फिफाचा '११+' म्हणून वॉर्मअप आहे, साधारण वीस मिनिटांचा. धावणं, मग ताकद-तोल-उड्या, मग पुन्हा वेगाने धावणं. नॉर्वेत १३ ते १७ वयाच्या १८९२ मुलींवर याचा अभ्यास झाला, २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. एकूण दुखापतींचा धोका एक तृतीयांशाने कमी, गंभीर दुखापतींचा जवळपास निम्मा. पण अट एकच, नियमाने करायचा. पुढच्या विश्लेषणात दिसलं की ज्या संघांनी मन लावून केला त्यांनाच खरा लाभ झाला.

आमच्या आताच्या प्रशिक्षक ताई उडीनंतर उतरताना प्रत्येकीच्या गुडघ्याकडे बघतात. दोन्ही गुडघे पावलांच्या रेषेत हवेत, एकमेकांकडे झुकले की "पुन्हा". मी आता सव्वा वर्षाने खेळतेय आणि दर सरावाला हे "पुन्हा" ऐकते. कंटाळा येत नाही. कशासाठी आहे ते माहीत आहे.

व्यावसायिक संघांनी हे लहान मुलांचं समजून सोडू नये एवढीच विनंती. आणि बूट! बहुतेक बूट पुरुषांच्या पायावर बेतलेले असतात. टाच सैल, पंजा आवळलेला. याकडे आत्ता आत्ता लक्ष जायला लागलंय.

---

कॉर्नरफ्लॅग

नऊ नंबर, अंगावर काटा आला वाचताना. परत खेळायला लागलात याचा फार आनंद वाटला.

माझं वेळापत्रकाचं मत कायम आहे, पण माझ्या पहिल्या प्रतिसादात मी वहीला कमी लेखलं ते मागे घेतो.

परतण्याबद्दल कुणीतरी सविस्तर लिहा. रोनाल्डो, ब्राझीलचा. एप्रिल २०००, लाझिओविरुद्ध इटालियन चषकाची अंतिम लढत, पाच महिन्यांनी बदली म्हणून उतरला आणि सहा-सात मिनिटांत चेंडूवरून पाय फिरवताना गुडघा गेला. कुणी जवळही नव्हतं. ते दृश्य मी आजही पूर्ण बघू शकत नाही.

---

बर्फाची पिशवी

परतण्याबद्दल मी लिहिते, कारण मधली फळी यांच्या सहातल्या दोन दुखापती याच आहेत.

झालेली दुखापत हीच पुढच्या दुखापतीची सगळ्यात मोठी खूण. युएफाच्या २१ हंगामांच्या नोंदीत हॅमस्ट्रिंगच्या १८ टक्के दुखापती पुन्हा झालेल्या होत्या, आणि त्यातल्या दोन तृतीयांशांहून जास्त परतल्यापासून दोन महिन्यांत. म्हणजे खेळाडू मैदानात आला की आपलं काम संपत नाही, पुढचे आठ आठवडे तो रुग्णच असतो असं मी धरते.

दुखणं थांबणं हा निकष नाही. २०१४ च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात दिएगो कोस्टाला हॅमस्ट्रिंग दुखावलेली असताना उतरवलं आणि नवव्या मिनिटाला बाहेर घ्यावं लागलं. एवढ्या मोठ्या लढतीत एक बदली तिथेच खर्ची पडला. मी काय बघते? दोन्ही पायांची ताकद जवळपास सारखी. पूर्ण वेगाचे स्प्रिंट, एका दिवशी नव्हे, निदान दोन वेगवेगळ्या दिवशी. दमलेल्या पायांनी स्प्रिंट, कारण मोडतो तो दमल्यावर. संघासोबत काही पूर्ण सराव. आणि त्याच्या डोळ्यांतली भीती. तो वेग धरताना अर्ध्या पावलाचा विचार करत असेल तर मी थांबवते.

गुडघ्याच्या लिगामेंटला तर नऊ महिन्यांच्या आत नाहीच. एका अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत परतणं पुढे ढकललेल्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापतीचं प्रमाण ५१ टक्क्यांनी घटत गेलं.

---

तळटीप

एक भर, विषय थोडा वेगळा आहे पण राहून जायला नको. डोकं आणि हृदय.

२०१४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जर्मनीचा क्रिस्टोफ क्रॅमर डोक्याला मार लागल्यावर बराच वेळ खेळत राहिला. मग त्याने पंचांना विचारलं, हा अंतिम सामना आहे का? आता मेंदूला मार लागल्याच्या शंकेवर जादा बदलीची सोय नियमात आहे, २०२४ पासून कायमची. शंका आली की बाहेर. त्यात मिनिटांची घासाघीस नाही, चिखलपाय सर.

आणि १२ जून २०२१ ला युरोच्या सामन्यात डेन्मार्कचा एरिक्सन हृदय बंद पडून कोसळला तेव्हा तो वाचला, कारण काय करायचं ते माहीत असलेली माणसं आणि डिफिब्रिलेटर, म्हणजे झटका देऊन हृदय पुन्हा चालू करणारं यंत्र, काही क्षणांत तिथे होतं. तुमच्या सरावाच्या मैदानावर ते यंत्र नेमकं कुठे ठेवलंय, कपाटाची किल्ली कुणाकडे आहे, उद्या जाऊन बघा.

---

चिखलपाय

बघितलं. कपाटाला कुलूप होतं, किल्ली कार्यालयात. आज कुलूप काढून टाकलं. धन्यवाद.

---

मधली फळी

मंडळी, नऊ आठवड्यांनी परत लिहितोय.

तुमचे प्रतिसाद छापून मुख्य प्रशिक्षकांना दिले. नावं काढून, लेफ्टबॅक दादांचा सगळ्यात वर. दोन दिवस ते काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बैठकीत त्यांनी स्वतः खेळाडूंना सांगितलं, "दुखलं म्हणून सांगितलं आणि एक सामना बाहेर बसलात, तर पुढच्या वेळी तंदुरुस्त असाल तेव्हा जागा तुमचीच." सव्वीस जणांसमोर. त्यानंतरच्या सकाळी जांघेच्या चाचणीत दोघांनी चार सांगितलं, एकाने पाच. त्या दोन मधल्या खेळाडूंपैकीच एक होता तो पाचवाला. दहा दिवस त्याचे लांब पास बंद ठेवले, एकही सामना न चुकता तो दोनवर आला.

नॉर्डिक आता सामन्याच्या दुसऱ्या सकाळी, चार-चारच्या दोन फेऱ्या. एक आठवडा प्रवासामुळे चुकला, तेवढाच. दर बुधवारी सगळ्यांचे स्प्रिंट होतात, राखीव खेळाडूंचे वेगळे, माझ्या देखरेखीखाली. या नऊ आठवड्यांत हॅमस्ट्रिंगची एक दुखापत झाली, छोटी, बारा दिवसांची. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही हे तळटीप सांगतीलच, मलाही मान्य आहे. घोट्याच्या मात्र दोन झाल्या, दोन्ही टॅकलमध्ये.

विंगरबद्दल. सहाव्या आठवड्यात मोठा सामना होता आणि त्याला खेळायचंच होतं. ताज्या पायांनी स्प्रिंट छान झाले. दमवून घेतले तेव्हा शेवटच्या दोनमध्ये त्याने पाऊल लहान केलं. त्याने नाकारलं, मी चित्रफीत दाखवली. सरांनी विचारलं, "किती मिनिटं?" मी म्हणालो, "आज शून्य, पुढच्या आठवड्यात वीस." तो सामना आम्ही हरलो. मला कुणी काही बोललं नाही.

त्यानंतर वीस, मग पंचेचाळीस. काल तो ६८ मिनिटं खेळला, ठरल्याप्रमाणे. बाहेर येऊन बसला, बुटाची नाडी सोडायला वाकला, तेव्हा मी शेजारी जाऊन विचारलं, "मागे?"

"दोन," म्हणाला.

वहीत लिहिलं आणि उठून सरांना सांगून आलो.

---

बर्फाची पिशवी

छान. उद्या सकाळी पुन्हा विचारा, आणि तोच आकडा असला तर त्याला या वेळच्या नॉर्डिकमधून वगळा. पाठीवर झोपवून टाचा जमिनीत दाबून धरायला लावा, तीस-तीस सेकंद, चार वेळा. मंगळवारी काय म्हणतो ते इथे कळवा.